बँड-एडची पत्र्याची डबी: साल कसं ओळखायचं?

मृण्मयी_एडिसन
इथे न्यू जर्सीत एका आजींच्या गराज सेलमध्ये बँड-एडची जुनी पत्र्याची डबी मिळाली. बिजागरीचं झाकण, एका कडेला पोचा, कोपऱ्यांत गंज. समोर ‘प्लास्टिक स्ट्रिप्स’, मागे नुसतंच ‘न्यू ब्रन्सविक, एन. जे.’ आत दोन पट्ट्या आहेत, कागदी पाकिटातून लाल दोरा डोकावतोय. किती जुनी असेल? आणि गंज कसा काढू? सासूबाई चिंच घेऊन तयारच बसल्यात.

डबीदास
चिंच आधी काढून घ्या त्यांच्या हातातून! चित्र थेट पत्र्यावर छापलेलं असतं. आंबटाने गंज जाईल, सोबत रंगही. पाणीसुद्धा नको. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, बास. गंजासकट डबी चालते, घासलेली डबी जाणकार हातात घेऊन परत ठेवतात.

आता साल. बँड-एडचा जन्म १९२०चा, तोही तुमच्या शेजारच्याच गावात. अर्ल डिक्सन जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये कापूसखरेदी बघायचा. बायको जोसेफिनचं स्वयंपाक करताना सारखं कापायचं-भाजायचं, म्हणून त्याने चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले. सुरुवातीला विकायला आली ती तीन इंच रुंद, अठरा इंच लांब पट्टी. लागेल तेवढी कापून घ्यायची.

पाकीट फाडायचा लाल दोरा १९४०चा. पण त्यावर विसंबू नका, आतल्या पट्ट्या लोक इकडच्या तिकडे टाकतात. डबीवरची अक्षरं बघा. प्लास्टिकच्या पट्ट्या १९५१मध्ये आल्या, म्हणजे त्याआधीची ही नाही. झिप कोड १९६३मध्ये सुरू झाले आणि तुमच्या पत्त्यात तो नाही. सगळ्यांनी लगेच छापला असं नाही, तरी मी पन्नाशीचं दशक ते साठीची सुरुवात म्हणेन. बारकोड असता तर १९७४नंतरची.

सदाशिवपेठी
आपल्याकडे हेच काम पिन कोड करतो, तो १५ ऑगस्ट १९७२पासून. माझ्याकडे बाम-मलमांच्या बाटल्या-डब्या आहेत. किंमत आण्यांत असेल तर बहुधा १९५७च्या आधीची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते ६४च्या आसपासची. ‘मद्रास’ वाचून मात्र हुरळू नका, १९९६पर्यंत तेच छापत होते.

आणि त्या पट्ट्या कुणाच्या बोटाला लावू नका हो. एवढ्या वर्षांनी डिंकाचा भरवसा नाही, निर्जंतुकपणाचा तर नाहीच.

मृण्मयी_एडिसन
धन्यवाद! चिंच फ्रिजमध्ये गेली. झाकणावर औषधाच्या दुकानाचं ३९ सेंटचं लेबल आहे, अर्धवट सुटलेलं. काढू का?

डबीदास
अजिबात नाही! नखसुद्धा लावू नका. दुकानाचं नाव वाचता येतंय का? गावाचं असेल तर फोटो टाकाच.