जहाल कीटकनाशकं बंद केली, तर भुर्दंड कुणाला?

रामबागवासी: काल इंदूरजवळ देपालपूरला आमच्या शेतावर सोयाबीनची फवारणी चालली होती. मजुराच्या पाठीवरचा पंप गळत होता, सदरा कमरेपर्यंत भिजलेला, नाकाला नुसता गमछा. काडी सापडेना म्हणून बादलीतलं औषध त्यानं हातानंच ढवळलं. डब्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे सर्वांत जहाल वर्ग. केंद्रानं 2020 मध्ये 27 कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, पण 2023 मध्ये पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डायनोकॅप आणि मेथोमिलवर. माझं म्हणणं, लाल त्रिकोणवाली सरसकट बंद करा.

सांवेरचा शेतकरी: दादा, पिकाचाही विचार करा. चक्रभृंग हा किडा सोयाबीनच्या खोडावर दोन कड्या पाडतो, अंडी घालतो, वरचा शेंडा वाळतो. त्यावर आम्ही ट्रायझोफॉस मारायचो. 2020 संपता संपता ते बंद झालं. नवी औषधं चांगली आहेत, पण महाग. त्यावर 18 टक्के जीएसटी. 2024 मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि मंडीत माल त्याच्या खाली गेला. श्रीलंकेनं 2021 मध्ये खतं-औषधं एकदम थांबवली, भाताचं पीक घसरलं, नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला.

कॅज्युअल्टीतली नर्स: श्रीलंकेचंच पुढे सांगते. तिथे 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि 1998 मध्ये एंडोसल्फान, असं निवडून बंद केलं. पुढच्या 20 वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, भाताचं उत्पन्न घटलं नाही. आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडाला फेस, आणि आम्ही उतारा म्हणून ॲट्रोपिन देत राहतो. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही. आणि औषध प्यावंच लागतं असं नाही. 2017 मध्ये यवतमाळात 20 हून जास्त माणसं कपाशी फवारताना गेली.

सांवेरचा शेतकरी: ताई, निवडून बंद करायला माझी ना नाही. पण पर्याय आधी परवडू द्या. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल या नव्या कीटकनाशकाचं पेटंट 2022 मध्ये संपलं, दुसऱ्या कंपन्यांचा माल आला, भाव उतरले. तेव्हा आम्ही आपणहून तिकडे वळलो. जीएसटी काढा, आणखी वळतील. हातमोजे-कोटाचं म्हणाल, तर श्रावणातल्या उकाड्यात तो कोट मी घालून पाहिलाय. दहा मिनिटांत घेरी आली.

कॅज्युअल्टीतली नर्स: कोट घालवत नाही, म्हणूनच तर औषध बदलायला हवं, दादा. भाव उतरेपर्यंत किती हंगाम थांबायचं?

रामबागवासी: "सरसकट" मागे घेतो. थांबायचं मात्र मलाही पटत नाही. पंप बदल म्हणून त्या मजुराला सांगितलं, तर म्हणाला, "पंप तुमचाच आहे." आज नवा घेतला.