टेस्टोस्टेरॉन आणि मज्जारज्जूची दुखापत: थोडी माहिती
मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या जुडग्याला) दुखापत झाली की टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनने तिथली तुटलेली नस, म्हणजे चेता, जुळते का, असा प्रश्न विचारला जातो. तसं नाही हो. उंदरांवरच्या प्रयोगांत दुखापतीनंतर हे संप्रेरक दिल्यावर स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या आखडत जाणाऱ्या फांद्या बऱ्याच टिकल्या. पण टिकणं वेगळं, नव्याने जुळणं वेगळं. माणसांत फायदा जास्त दिसतो तो स्नायूंना, तोही विजेच्या उद्दीपनाने (स्नायूंना विजेचे हलके धक्के देऊन) वजनाचा व्यायाम करवला तर.

मज्जारज्जूला दुखापत झालेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं मात्र सर्रास आढळतं. दुखण्यावरची अफूवर्गीय औषधंही त्याला हातभार लावतात. रक्त सकाळीच तपासा, दोन वेगवेगळ्या दिवशी. आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती दाबतं. (नेमकं हेच विचारायला लोक लाजतात!)