फ्रेंच ५३१ सायकल फ्रेम: सीटपोस्ट अडकलाय, आटे कुठले आणि रंगाचं काय?

चाकोरी

मंडळी, लग (नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाह्या) असलेली एक जुनी रोड सायकलची फ्रेम पुन्हा चालती करायची आहे. सीट ट्यूबवर रेनल्ड्स ५३१ (पोलादी नळ्यांचा एक प्रकार) चं स्टिकर आहे, मजकूर फ्रेंचमध्ये, निम्मा टिकलेला. पुढचा बॅज गायब. क्रँक स्ट्राँगलाइट ९३, ब्रेक माफाकचे, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मात्र शिमानोचा. मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर १२० मिमी. फोर्कच्या क्रोम केलेल्या टोकांवर गंजाचे ठिपके आहेत. रंग मूळचा वाटतो, पण वरच्या नळीवर आणि चेनस्टेवर बराच उडालाय.

१. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) तसूभरही हलत नाही. कसा काढावा?
२. बॉटम ब्रॅकेटचे (बीबी, म्हणजे क्रँकचा आस फिरतो ती जागा) आटे फ्रेंच की इंग्लिश, हे पाना लावण्याआधी कळेल का?
३. पावडर कोटिंग करून घ्यावं की आहे तो रंग राखावा?

पाना-पक्कड

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करा, कारण सीटपोस्टसाठीही बीबी उघडावाच लागेल.

त्याआधी क्रँक. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. नेहमीच्या क्रँक पुलरचे (क्रँक ओढून काढायचं हत्यार) आटे २२ मिमीचे असतात. त्या काळच्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमीचा लागतो आणि टीए या दुसऱ्या कंपनीच्या क्रँकला २३ मिमीचा. २२ चा पुलर स्ट्राँगलाइटमध्ये वरवर बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की क्रँकचे आटे सोलून बाहेर येतो. योग्य पुलर मिळेपर्यंत क्रँकला हात लावू नका. मिळाला की आधी क्रँकमधले आटे ब्रशने साफ करा, आतला बोल्ट आणि वॉशर दोन्ही काढल्याची खात्री करा, पुलर हाताने पूर्ण आत जाऊ द्या आणि मगच पाना लावा. वॉशर आत राहून गेला तरी आटे जातात.

मग बीबीचा डावा कप, म्हणजे छर्रे धरणारी वाटी. तो इंग्लिश, इटालियन, फ्रेंच, स्विस या चारही प्रकारांत सरळ आट्यांचाच असतो, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. लॉकरिंग काढा, कप बाहेर घ्या आणि मोजा. व्यासावरून निकाल लावू नका: इंग्लिश कप साधारण ३४.८ मिमी आणि फ्रेंच ३५, झिजलेल्या कपात हा फरक हरवतो. आट्यांमधलं अंतर मोजा. कॅलिपरने आठ आट्यांची लांबी घ्या. ८.० मिमी आली तर १ मिमीचा पिच, म्हणजे फ्रेंच किंवा स्विस. जवळजवळ ८.५ आली तर इंचाला २४ आटे. त्यात व्यास ३४.८ च्या आसपास असेल तर इंग्लिश, ३६ असेल तर इटालियन.

उजव्या कपची दिशा यावर ठरते. इंग्लिश आणि स्विसमध्ये उजव्या बाजूला उलटे आटे, फ्रेंच आणि इटालियनमध्ये दोन्हीकडे सरळ. पिच १ मिमीचा निघाला तर डाव्या कपवरून फ्रेंच की स्विस हे कळत नाही, आणि त्या काळातल्या काही फ्रेंच फ्रेमना स्विस आटे आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत: छर्रे फिरतात तो भाग गुळगुळीत असेल, खड्डे पडलेले नसतील, तर उजवा कप काढूच नका. जागेवरच रॉकेलने धुवा, नवीन ग्रीस भरा, प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे सुटे टाका, झालं.

काढायचाच असेल तर साधारण १६ मिमीचा बोल्ट कपच्या भोकातून घाला, डोकं बाहेर, नट आत, दोन्हीकडे जाड वॉशर, आणि करकचून आवळा. उलटे आटे असतील तर बाहेरून बोल्टचं डोकं घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. सरळ असतील तर डाव्या बाजूने लांब सॉकेट आत घालून नट आवळत राहा. दोन्ही वेळा आवळण्याची आणि कप सुटण्याची दिशा एकच होते, त्यामुळे पकड निसटत नाही. फ्रेंच की स्विस कळत नसेल तर आधी एका दिशेने बेताचा जोर, नाही हलला तर दुसऱ्या. पहिल्याच दिशेला लांब पाइप लावू नका.

पेडलही काढून बघा. टोकावर डी आणि जी कोरलेलं असेल तर फ्रेंच, १४ × १.२५. डी आणि एस असेल तर इटालियन. फ्रेंच पेडल इंग्लिश क्रँकमध्ये ढिलं बसतं आणि चालवताना आटे खाऊन टाकतं. उलट गरज पडली, तर फ्रेंच क्रँकमध्ये ९/१६ इंचाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवता येतो, कारण तो थोडा मोठाच आहे.

लगप्रेमी

पाना-पक्कड यांच्या यादीत भर. आटे फ्रेंच निघाले तर बाकीची मापंही तपासा. स्टेम (हँडल धरणारा भाग) २२.० मिमी असतो, २२.२ चा ठोकून घातला की फोर्कची नळी फुगते. २२.२ चा वापरायचाच असेल तर पॉलिश पेपरने चहूबाजूंनी सारखा घासून तो हाताने आत सरकेल इतपत करा. हँडल क्लँपमध्ये २५.० चं. सीट ट्यूब बाहेरून २८.०, त्यामुळे २८.६ चा पुढचा डिरेलर आवळूनही घसरतो, मध्ये ०.३ मिमी पत्र्याची पट्टी द्या. फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आटे ३४.७ × १. त्यावर इंग्लिश फ्रीव्हील तीन-चार फेरे सहज जाते आणि मग जाम होते. तिथेच थांबा, नाहीतर हब गेला.

चाकोरी

मनापासून आभार. योग्य पुलर मिळवून क्रँक काढले, डावा कपही निघाला. आठ आट्यांना ८.० मिमी. उजवा कप आतून स्वच्छ आहे, तो तसाच ठेवतो. सीटपोस्टला चुंबक चिकटत नाही. साधी नळी आहे, वरच्या टोकाला डोकं नाही, सीटचा क्लँप वेगळा होता. सहा-सात सेंमी बाहेर आहे.

ब्रेझिंग

चुंबक चिकटत नाही म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत. ओलावा शिरला की अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड होतो, तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि पोस्ट चहूबाजूंनी पकडला जातो. निव्वळ ताकदीने ओढलं तर पोस्टच्या आधी फ्रेम वाकेल. ५३१ च्या सीट ट्यूबची जाडी वरच्या टोकाला एक मिमीपेक्षा कमी असते.

पहिलं काम: सीटचा बोल्ट पूर्ण काढा. लगचे कान स्क्रू ड्रायव्हर घालून फाकवू नका, तडा तिथूनच सुरू होतो.

फ्रेम उलटी करा आणि बीबीच्या पोकळीतून सीट ट्यूबमध्ये गंज सुटा करणारं पातळ तेल सोडा. वरून तेल ओतणारे खूप, पण पोस्टचं खालचं टोक कोरडंच राहतं. एक दिवस उलटी, एक दिवस सरळ, असं चार-पाच दिवस करा. सीट ट्यूबवरचं स्टिकर प्लॅस्टिकने झाकून चिकटपट्टी रंगाऐवजी प्लॅस्टिकवरच लावा, नाहीतर उरलेला निम्मा मजकूरही जाईल.

गॅसचा टॉर्च वापरू नका. रंग जळतो, शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे पोस्ट आणखी घट्ट होतो. उलट करा, पोस्ट थंड करा. तुमचा पोस्ट पोकळ आहे, त्यात बर्फाचा चुरा आणि मीठ भरा, वीस मिनिटं थांबा आणि लगेच फिरवा.

फिरवण्यासाठी: बाहेरच्या भागात, लगपासून निदान ३ सेंमी वर, आरपार १० मिमीचं भोक पाडा आणि त्यातून ४० सेंमी लांबीची पोलादी सळई घाला. पोस्ट वाया जाणार हे धरूनच चाला. फ्रेम कुणाला तरी सीट लगजवळ धरायला सांगा, पुढच्या टोकाला नको. आधी मागे-पुढे अंशभर हलवा. पहिला कट्ट असा आवाज आला की थांबा, पुन्हा तेल सोडा. एकदा फिरला की फिरवत-फिरवत वर ओढा.

तरीही नाही निघाला, तर करवत. पोस्ट लगच्या वर एक सेंमी ठेवून कापा. हॅकसॉचं पातं एका बाजूला कापड गुंडाळून हातात धरा आणि पोस्टच्या आतून उभी चीर पाडा, वरपासून थेट खालच्या टोकापर्यंत. पोस्टच्या भिंतीत पातं मऊ चालतं, भुसा पांढरा चकचकीत पडतो. पोलादाला लागलं की आवाज कर्कश होतो आणि भुसा काळपट दिसतो. तिथे एक घासही जास्त नको. समोरासमोर दोन चिरा पाडा, मग पक्कडीने एक पाकळी आत दुमडा. काम कंटाळवाणं आहे, पण फ्रेम शाबूत राहते.

कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळतं हे खरं, पण त्यात हायड्रोजन निघतो, द्राव उकळल्यासारखा तापतो, आणि जिथे सांडेल तिथला रंग सोलला जातो. रंग राखायचा असेल तर हा मार्ग सोडूनच द्या.

निघाल्यावर नळी आतून साफ करा आणि मगच नव्या पोस्टचं माप घ्या. फ्रेंच ५३१ ला बहुधा २६.४ लागतो, पण मोजूनच घ्या. ०.२ मिमी बारीक पोस्ट घातला तर लगचे कान आत वाकत जातात. भरपूर ग्रीस, आणि दरवर्षी एकदा बाहेर काढून पुन्हा ग्रीस.

मूळरंग

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. कृपा करून पावडर कोटिंग करू नका. त्याची भट्टी साधारण २०० अंशांची, ब्रेझिंगला (नळ्यांच्या जोडांना) त्याने काही होत नाही. पण आधी सँड ब्लास्टिंग होतं, ते जाडसर वाळूने केलं तर पातळ नळी खरवडली जाते, आणि जाड थराखाली लगच्या कडा बुजतात. हाताने कानशीने पातळ केलेल्या त्या कडाच तर अशा फ्रेमचं सौंदर्य. आणि उरलेलं फ्रेंच मजकुराचं स्टिकर एकदा गेलं की ती फ्रेम कुठली, याचा पुरावाच गेला.

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड. स्टिकरवर नुसतं टिपायचं, घासायचं नाही. उघड्या पोलादावरचा गंज बारीक स्टील वुलने काढून ब्रशच्या टोकाने तेवढ्यापुरता रंगाचा ठिपका द्या, मग सगळ्यावर मेण. नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, निथळू द्या, दोन-तीन दिवस वाळवा. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात.

क्रोमवरच्या ठिपक्यांसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलके घासा. खोल गंजाला लिटरभर कोमट पाण्यात २०-३० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, फक्त फोर्कची टोकं बुडवायची, दर अर्ध्या तासाने बघायचं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच पुसून तेल लावा. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. काही रंग त्यात फिकट होतात, म्हणून द्राव रंगाच्या रेषेपर्यंत पोचू देऊ नका.

पाना-पक्कड

शिमानोच्या डिरेलरबद्दल राहिलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं असतील. पहिलं वर्ष: ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे. दुसरं महिना, ए म्हणजे जानेवारी. हे वर्ष फ्रेमपेक्षा बरंच नंतरचं निघालं तर तो नंतर बसवलाय, आणि मूळचा बहुधा सिम्प्लेक्स या फ्रेंच कंपनीचा असेल.

आता ड्रॉपआउटचं भोक बघा. सिम्प्लेक्सच्या हँगरला (डिरेलर बसतो तो ड्रॉपआउटचा कान) आटे नसतात आणि डिरेलर टेकायला खाचही नसते. त्यात कुणी १० × १ चा टॅप फिरवला असेल तर आटे सरळ आहेत ना, आणि भोकाभोवती केसासारखी चीर नाही ना, हे भिंगाने तपासा. मूळ सिम्प्लेक्स शोधणार असाल तर प्लॅस्टिकच्या भागांवर, विशेषतः बोल्टच्या भोवती, तडे आहेत का ते आधी बघा. अशा डिरेलरचं डेल्रिन, म्हणजे ते प्लॅस्टिक, वयाने तिथेच फुटतं. स्ट्राँगलाइटची क्रँक धुवून पाच हात जिथे मुख्य दांड्याला मिळतात तो कोपराही भिंगाखाली घाला. तिथे नखाला अडकणारी रेघ लागली तर ती क्रँक भिंतीवर लावायची, रस्त्यावर नाही.