निर्मनुष्य तेलफलाट: संपर्क तुटला तर विहीर कोण बंद करते?

प्रश्न

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रातील अनेक विहीर-फलाटांवर (विहिरींच्या मुखाशी समुद्रात उभारलेल्या मंचांवर) एरवी कोणीही राहत नाही आणि त्यांच्यावर दुरूनच लक्ष ठेवले जाते, हे मला ठाऊक आहे. पावसाळी वादळात संपर्क तुटला, तर त्या विहिरी कोण बंद करते? शिवाय, नॉर्वेप्रमाणे आपली जुनी प्रक्रिया संकुलेही (विहिरींतून आलेल्या तेल-वायूवर समुद्रातच प्रक्रिया करणारे मोठे फलाट) किनाऱ्यावरून चालवता येतील का?

पहिला प्रतिसाद

विहीर बंद होण्यासाठी त्या क्षणी कोणाच्याही आज्ञेची गरज पडू नये, याच विचाराने ही रचना केलेली असते. विहिरीच्या मुखावरील सुरक्षा झडपेला नियंत्रण नळीतून येणारा वायूचा किंवा तेलाचा दाब उघडे धरून ठेवतो. तो दाब गेला की आतली स्प्रिंग तिला मिटवते. आग लागल्यास फलाटावरचे ठरावीक तापमानाला वितळणारे प्लग वितळतात, नियंत्रण नळीतला दाब निघून जातो आणि झडपा मिटतात. समुद्रतळाखाली, विहिरीच्या नळीत बसवलेली झडपही याच तत्त्वावर चालते. त्यामुळे संपर्क तुटला म्हणजे नियंत्रण कक्षाला फलाट दिसेनासा होतो, त्याचे संरक्षण जात नाही. मात्र बंद पडलेली विहीर कारण न शोधता दुरूनच पुन्हा सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

दुसरा प्रतिसाद

दुरून चालवणे आणि निर्मनुष्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉर्वेतील इवार आसेन फलाटाचे नियंत्रण २०१९ पासून ट्रॉन्डहाइम शहरातून होते, तरी फलाटावर माणसे आहेतच. याउलट नॉर्वेच्याच ओसेबर्ग क्षेत्रात २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘एच’ फलाटावर हेलिपॅडही नाही आणि राहण्याची सोयही नाही, कारण तिथे सतत देखभाल लागणारी यंत्रेच जवळपास ठेवलेली नाहीत. जुन्या संकुलांत काँप्रेसर, टर्बाइन आणि पंप दाटीने बसवलेले असतात. त्यांच्यावर नुसते कॅमेरे लावून माणसे हलवली, तर प्रत्येक बिघाडासाठी हेलिकॉप्टर किंवा जहाज पाठवावे लागेल आणि प्रत्येक फेरीबरोबर नवा धोका येईल. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर फलाटाजवळ आलेले साहाय्यक जहाज तेल-वायूच्या उभ्या नळांवर आदळले, आग भडकली आणि २२ जणांचा जीव गेला. म्हणून आधी यंत्रे कमी करावीत, फेऱ्या कमी कराव्यात आणि मगच नियंत्रण कक्ष किनाऱ्यावर नेण्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा प्रतिसाद

यात एक भर घालतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाचा घातक प्रोग्रॅम थेट सुरक्षा यंत्रणेच्या नियंत्रक संगणकांत घुसला होता आणि त्यांच्यावरची किल्ली ‘प्रोग्रॅम’ स्थितीत, म्हणजे आतल्या सूचना बदलू देणाऱ्या स्थितीत, राहिल्याने त्याचे काम सोपे झाले. निर्मनुष्य फलाटावर ती किल्ली जागेवर जाऊन तपासणारा कोणी नसतो; तेव्हा सुरक्षा यंत्रणा दूरनियंत्रणाच्या जाळ्यापासून वेगळी ठेवावी आणि प्रत्येक देखभाल भेटीत किल्लीची स्थिती पाहून तिची नोंद करावी.