संबळ बीटवर चढवला तर गोंधळ उरतो का?

गोदाकाठ:
देवीच्या गोंधळात, म्हणजे गोंधळी रात्रभर गाऊन घालतात त्या विधीत, जो जोड-नगारा वाजतो त्या संबळाची रीमिक्स नवरात्रात जिकडंतिकडं वाजायलीत आणि जाणती माणसं नाकं मुरडायलीत. मला हे पटत नाही. जुन्यातून नवं घडवणं ही मराठवाड्याचीच चाल आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळ, जोगवा हे सगळं दारोदार फिरणाऱ्यांकडूनच उचललं आणि त्यात अध्यात्म भरलं. त्यातूनच त्यांची भारुडं उभी राहिली. मग आजच्या पोरांना कशाला अडवायचं?

धाराशिवकर:
नाथांचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. त्यांनी गोंधळ्याचं अख्खं रूप घेतलं. रीमिक्सवाले चार आवर्तनांचा तुकडा कापतात आणि तोच गरागरा फिरवतात. गोंधळात आधी चौक भरतात, मग गावोगावच्या देवांना आवतण, मग आख्यान, शेवटी आरती. आख्यानात संबळ शब्दामागं दबकत चालतो, गाणारा थांबला की उसळी घेतो. मशीनच्या एका लयीला बांधला की हे सगळंच संपतं.

परभणीचा श्रोता:
अख्खं रूप घ्यायलाच पाहिजे असं कुठंय? बाबासाहेबांचा विचार गाण्या-नाट्यातून सांगणाऱ्या आंबेडकरी जलशांनी तमाशा घेतला, पण सुरुवातीच्या गणातला गणपती आणि गवळण काढून टाकली, तिथं बाबासाहेबांना वंदन आणलं. पुढं भीमगीतांनी कव्वालीही आपलीशी केली. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, उरुसातली कव्वाली इथल्या कानाला परकी नव्हतीच. भीमजयंतीला चौकात कव्वालीचा मुकाबला रंगतो तेव्हा म्हातारी माणसंही उठत नाहीत. प्रल्हाद शिंदे त्याच गळ्यानं विठ्ठल गायले, भीमगीतं गायले, कव्वालीही गायले. शुद्धता सांभाळत बसले असते तर आपण केवढ्याला मुकलो असतो!

धाराशिवकर:
मोडायला माझी ना नाही. पण जलशानं का मोडलं ते कडव्याकडव्यात ऐकू येतं, कारण त्यांना सांगायचंच वेगळं होतं. इथं तुकडा कापला तो फक्त नाचायला सोपं जावं म्हणून. आणि मला जास्त टोचतं ते वेगळंच. जलसेवाले स्वतः ढोलकी-तुणतुणं घेऊन गावोगाव फिरले. रीमिक्समध्ये संबळ असतो, संबळवाला नसतो. ना त्याचं नाव, ना बिदागी.

गोदाकाठ:
बिदागीचं अगदी बरोबर, त्यावर वाद नाही. पण गोंधळ्यांच्या घरातलीच पोरं आता संबळाबरोबर कीबोर्ड वाजवायलीत. घरचं वाद्य वाजवायला त्यांनी कुणाची परवानगी काढायची?

धाराशिवकर:
कुणाचीच नाही. त्यांचा हक्क सगळ्यात आधी, आणि करायचं तर त्यांनीच करावं. फक्त आवतण कापू नये. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला नाव घेऊन बोलावतात तो भाग बीटवर अजून कुणी नीट बसवलेला मी तरी ऐकला नाही. कुणी बसवला असेल तर इथं टाका, ऐकायची माझी तयारी आहे.