शब्दचर्चा: १७९२ च्या पुण्यात ‘गोरा साहेब’ म्हणावं का?

प्रश्न: संगमावरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीत १७९२ साली घडणारी प्रेमकथा लिहिते आहे. तो इंग्रज अधिकारी, ती इथलीच. त्याला ‘गोरा साहेब’ म्हटलंय आणि त्यांच्या मुलाला ‘संकरित’. मैत्रिणीला हा दुसरा शब्द फार खटकला. पर्याय सुचवाल का?

प्रतिसाद: मैत्रिणीचा कान पक्का आहे. ‘संकरित’ म्हटलं की गोठ्यातली जर्सी आठवते. त्यामागे गीतेच्या पहिल्या अध्यायातला ‘वर्णसंकर’ उभा असतो, कुळाला नरकात नेणारा. एखाद्या शास्त्रीबुवांच्या तोंडी तो जरूर घाला, कारण ते तसंच बोलले असते. निवेदनात मात्र तुम्ही स्वतः बोलता आहात. ‘अँग्लो-इंडियन’ही नको, मिश्र संततीला ते नाव सरकारदरबारी १९११ च्या जनगणनेत मिळालं, त्याआधी ते इथे राहणाऱ्या इंग्रजांचं होतं. ‘ईस्ट इंडियन’ कलकत्त्यात १८३० च्या सुमारास या अर्थाने चालत होता, पण आपल्याकडे १८८७ मध्ये मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने तेच नाव घेतलं. मराठी वाचक थेट वसई-वांद्र्याला पोचेल.

आता ‘गोरा साहेब’. मला हा शब्द ‘संकरित’हून जास्त सलतो, कारण तो सहज खपून जातो. ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात, फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) अशी नावं येतात आणि सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’. ओळख मुलखावरून आणि डोक्यावरच्या टोपीवरून! ‘गोरा साहेब’ म्हटलं की पुढच्या शतकातला राज्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. १७९२ मध्ये पुण्यात राज्य पेशव्यांचं होतं, इंग्रज तिथे वकील, म्हणजे दरबारातला राजदूत (‘रेसिडेंट’), म्हणून राहत होता. तुमची नायिका त्याला ‘टोपीकर’ म्हणू दे, त्यात दबून जाणं नाही.

आणि तिच्या रंगाकडेही पाहा. ‘निमगोरी’ लिहिलं असेल तर स्वतःला विचारा, ती सावळी असती तर तो प्रेमात पडला नसता का? वैशाखात तो लालबुंद होऊन घाम पुसतो आहे, हे तिला दिसू दे. रंग फक्त तिलाच का असावा?

प्रश्न: आणि तिला काय म्हणावं? ‘रखेल’ लिहवत नाही, ‘पत्नी’ म्हणणं खोटं वाटतं.

प्रतिसाद: ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांत अशा बाईला ‘बीबी’ म्हणत, तोच शब्द ठेवा. ठेवलेल्या बाईसाठीचा पेशवाईतला शब्द ‘नाटकशाळा’ शेजारणीच्या कुजबुजीत येऊ द्या. ‘बीबी’त माया असायची, हक्क नसायचा. पुण्याचे रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्याबरोबर अंबर कौर राहत होती, त्यांना मुलं होती. चित्रकार जेम्स वेल्स यांनी तिचं चित्र काढलं. पुढे मॅलेट इंग्लंडला परतले आणि १७९९ मध्ये त्यांनी लग्न केलं ते वेल्स यांच्याच मुलीशी, सुझानाशी. तुमच्या ‘बीबी’ शब्दात एवढं सगळं मावलं पाहिजे.

प्रश्न: बाप मुलाच्या रंगाची काळजी करतो, असा प्रसंग आहे. ठेवू?

प्रतिसाद: ठेवा, पण कारण नेमकं द्या. १७९१ मध्ये कंपनीने हिंदी आईच्या मुलांना आपल्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकरीची दारं बंद केली. पाळण्याजवळ उभा असलेला बाप म्हणेल, ‘याला माझ्या जागी कुणी घेणार नाही.’ तिथे ‘वंश’ हा शब्द लिहायची गरजच उरत नाही.