पॉक्सोत (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात) पोराच्या एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची का?

विडी घरकुल: सकाळी होटगी रोडवाल्या दादांनी लिहिलं की मेडिकलमध्ये काही निघालं नाही, बघणारा कोणी नाही, तर नुसत्या पोरीच्या बोलण्यावर माणसाला आत टाकणं अन्याय आहे. वाचून डोकंच फिरलं. अहो, घाणेरडा हात लावला तर मेडिकलला काय दिसणार? कलम ७ मध्ये तोच गुन्हा आहे, ३ ते ५ वर्षं शिक्षा. आणि असलं काम कोण चार माणसं बोलावून करतं का? १९९६ च्या गुरमित सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पीडितेची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी असेल तर दुसरा आधार लागत नाही, बारीकसारीक फरकावर केस उडवू नका. आमच्या शेजारच्या पोरीला तारीख विचारली, ती म्हणाली गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी. एकदा म्हणाली पाळण्यात बसलो त्या दिवशी, एकदा म्हणाली नंदीध्वज निघाले त्या दिवशी. झालं, वकील तेवढंच धरून बसला. आठ वर्षांच्या लेकराला कॅलेंडर पाठ असतं का?

होटगी रोड: ताई, माझ्या साडूच्या भावावर जागेच्या भांडणातून केस झाली. पोरगं शब्द न शब्द आईनं पढवलेलं बोलत होतं. सुटला शेवटी, पण तोवर जेलमध्ये राहिला आणि माग विकले गेले. वर कलम २९, म्हणे आरोपीने केलंय असंच धरायचं. घडलंच नाही हे माणसानं सिद्ध कसं करायचं?

वकीलकाका: २९ आपोआप लागत नाही हो. मूळ घटना आधी सरकारी पक्षाने उभी करायची, हायकोर्टांनी हे कितीदा सांगितलंय. आणि पढवलंय का हे बघायलाच जज आधी स्वतः विचारतात, कितवीत आहेस, खोटं बोलणं चांगलं का वाईट. १२ च्या आतल्याला शपथ कळत नसली तरी खरं बोलायचं कळतंय एवढं दिसलं की साक्ष चालते.

विडी घरकुल: काका, कलम ३३ प्रमाणे वकिलाने प्रश्न जजला द्यायचे आणि जजने पोराला विचारायचे ना? आमच्या पोरीच्या वेळी वकील थेट अंगावर ओरडत होता, कोणी थांबवलं नाही.

अशोक चौक: खरा घोळ वयाचा आहे बे. आमच्या घरात तिघा भावंडांची जन्मतारीख १ जून, गुरुजींनी टाकली तीच. असल्या कागदावर पोरगी १८ च्या आत का बाहेर ठरवणार?

वकीलकाका: जन्मतारखेचा शाळेचा दाखला नाहीतर दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिकेचा दाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. २०२३ मध्ये युवप्रकाशच्या केसमध्ये शाळा सोडल्याचा दाखला सुप्रीम कोर्टाने पुरेसा धरला नाही.

अशोक चौक: आणि हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडंतिकडं होतात, मग साडेसतराची पोरगी स्वतःहून पळून गेली तर पोरगा आयुष्यातून उठतो. पोरीचे आईबाप पोलिसात जातात कशाला, तर जात वेगळी म्हणून. सगळ्यांना माहितीय.

जुळे सोलापूर: तुझ्या घरची पोरगी असती तर हेच लिहिलं असतंस का?

अशोक चौक: घरच्यांवर जायचं काम नाही. माझ्या मित्राचं लग्न झालंय त्याच पोरीशी, एक लेकरू आहे, आणि हा तारखेला कोर्टात. त्याला काय सांगू?

जुळे सोलापूर: १६-१७ ला पोरीला काय कळतं? सूट दिली की पन्नाशीचा माणूसपण प्रेम होतं म्हणणार.

अशोक चौक: पन्नाशीचं कोण बोललं इथं? वाचत जा आधी.

विडी घरकुल: विषय आठ वर्षांच्या पोरीचा होता, तुम्ही दोघं लग्नावर पोचलात. दादा, नागपूर खंडपीठाने २०२१ च्या जानेवारीत कपड्यावरून हात लावला तर पॉक्सो नाही म्हटलं, नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, बघायचा तो हेतू. आता सांगा, तिथं मेडिकल कुठून आणायचं?

होटगी रोड: बरं, मेडिकलचा मुद्दा सोडला. पण पढवणाऱ्याचं काय?

वकीलकाका: कलम २२ आहे. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला ६ महिन्यांपर्यंत कैद, पोराला नाही.

होटगी रोड: ६ महिने! आणि आमच्या माणसाची वर्षं गेली ती?

विडी घरकुल: ती शिक्षा वाढवा म्हणा, मीपण सही करते. पण त्यासाठी पोरीची साक्ष हलकी करू नका.